माकडाच्या हाती वस्तरा

उर्दूच्या तासाला दरवर्षी एक म्हण येते, ‘बंदर के हाथ में उस्तरा’. मी मुलांना सांगतो की मराठीत हीच म्हण ‘माकडाच्या हाती कोलीत’ अशी आहे. मराठी माकडाला जळते लाकूड मिळाले, उर्दू माकडाला उस्तरा. कोणते माकड जास्त धोकादायक, यावर वर्गात पाच मिनिटे वाद होतो आणि मग आपण पुढच्या म्हणीकडे वळतो. 2020 साली मात्र या म्हणीतले माकड मी स्वतःच झालो.

टाळेबंदीत सलून बंद झाली. मी दाढी ठेवतो, तेव्हा मला न्हाव्याची गरज ती काय, असे कोणाला वाटेल. पण दाढी ठेवणाऱ्यालाच न्हावी जास्त लागतो. गालावरची आणि गळ्यावरची रेघ, ज्याला आपण ‘खत’ म्हणतो, ती आठ-दहा दिवसांत विस्कटते आणि माणूस आजारी दिसू लागतो. 28 जूनला महाराष्ट्रात सलून उघडली, पण सुरुवातीला फक्त केस कापायची परवानगी होती, दाढीला हात लावायची नव्हती. त्या दिवसांत मी ठरवले की खत आपणच बनवायचे, तेही वस्तऱ्याने. साध्या रेझरने रेघ सरळ येत नाही. त्याच्या डोक्याखाली नेमके कुठे कापले जाते आहे हे दिसतच नाही.

नव्या जर्मन वस्तऱ्याची किंमत पाहिली. दहा हजारांच्या पुढे. शिक्षकाच्या पगारात हा शौक बसत नाही. म्हणून जुना, वापरलेला, स्वस्तातला वस्तरा शोधायला लागलो आणि त्या शोधात जे इतिहासाचे धडे मिळाले, ते बीएडला कोणी दिले नव्हते.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण तो माझा धंदाच आहे. मराठी ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तुरा’चा अवतार. फारसीत ‘सुतुर्दन’ म्हणजे खरवडणे, पुसून टाकणे; त्यातून हा शब्द आला. संस्कृतात त्याला ‘क्षुर’ होते, ज्यापासून आपले ‘क्षौर’ आले आणि स्वयंपाकघरातली ‘सुरी’ही. म्हणजे मराठीने संस्कृत शब्द भाजी चिरायला ठेवला आणि दाढीसाठी फारसी घेतला! ‘हजामत’ची गोष्ट तर आणखी गमतीची. अरबीत ‘हिजामा’ म्हणजे शरीरावर तुंबड्या लावून रक्त काढणे आणि ‘हज्जाम’ म्हणजे ते काम करणारा. जो माणूस धारदार पाते सफाईने चालवतो, तोच केसही काढतो, तोच लहान मुलांची सुन्नतही करतो. फारसी-उर्दूत येता येता हज्जाम म्हणजे न्हावी झाला आणि मराठीत येईपर्यंत हजामतीचा अर्थ ‘फजिती’ इथवर घसरला. कुणाची बिनपाण्याने केली, असे आपण सहज म्हणतो.

टाळेबंदी उठल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारासारखाच, तिथेही शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा पसारा असतो. एका पथारीवर चकचकीत वस्तरा दिसला. मुठीवर नक्षी, पात्यावर लाटांसारखी नागमोडी रेषा. विक्रेता म्हणाला, “अंग्रेज के जमाने का है, दमिश्क का फौलाद.” मी साडेसहाशे रुपये मोजले आणि खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या गल्लीतल्या खलीफाचाचांना दाखवला. न्हाव्याला आदराने ‘खलीफा’ म्हणतात. चाचांचे वय सत्तरीच्या पुढे, दुकान आता मुलगा चालवतो. त्यांनी वस्तरा उघडला, डोळ्यासमोर आडवा धरला, अंगठ्याच्या नखाने पात्याला हलकेच टिचकी मारली आणि कान दिला. मग मिटून माझ्या हातात परत ठेवला.

“काय कू लिये मास्तर? मस्का लगाओ इससे पाव कू.”

नागमोडी रेषा ही नुसती पृष्ठभागावर तेजाबाने उठवलेली नक्षी होती. पाते मऊ. वस्तू नवीनच होती, आणि वस्तऱ्याच्या आकाराची होती एवढेच तिचे वस्तऱ्याशी नाते. नवशिक्याची पहिली चूक हीच असते: तो चमक पाहतो. खरा जुना वस्तरा बहुधा काळवंडलेला, कळकट आणि गरीब दिसतो.

मग मी तीन-चार महिने फक्त पाहत राहिलो. विकत घेतला नाही, हातात घेऊन वाचत राहिलो. हो, वाचत. वस्तऱ्याच्या पात्याला जिथे धार नसते, त्या शेपटीकडच्या भागावर ठसे असतात, आणि ते ठसे म्हणजे जन्मदाखला. मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना इंग्रजी जी-आर अक्षरे असतील तर जॉर्ज राजाचा काळ. डब्ल्यू-आर असेल तर चौथा विल्यम, म्हणजे 1830 ते 1837. व्ही-आर असेल तर राणी व्हिक्टोरिया. नुसते ‘शेफील्ड’ लिहिले आहे आणि देशाचे नाव नाही, तर तो बहुधा 1890 च्या आधीचा. देशाचे नाव आहे, तर बहुधा नंतरचा.

हे असे का? कारण भांडण. इंग्लंडमधले शेफील्ड हे चाकू-वस्तऱ्यांचे जुने गाव. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून त्याने शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. एकसारखे, कडक, बारीक कणांचे पोलाद. त्यातून असा वस्तरा होऊ लागला की जो धार धरून ठेवतो. पण 19व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या सोलिंगन गावाने दोन्ही बाजूंनी खोलवर घासलेली, पातळ, लवचिक पाती काढली आणि शेफील्डचे गिऱ्हाईक पळवायला सुरुवात केली. काही जर्मन मालावर तर शेफील्डचेच खोटे नाव असे. इंग्रज कारागीर ओरडू लागले. 1887 मध्ये इंग्लंडात माल कुठला ते खरे सांगण्याचा कायदा झाला, 1889 मध्ये हिंदुस्थानातही तशाच स्वरूपाचा कायदा आला आणि 1890 च्या अमेरिकन जकात कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. गंमत म्हणजे पुढे सोलिंगनच्याच नावाची नक्कल होऊ लागली, आणि 1938 मध्ये जर्मनीला त्या नावाच्या रक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणून ठसा पाहायचा, पण ठशावर इमान ठेवायचे नाही.

मला ज्या ठशाने सगळ्यात जास्त फिरवले, तो ‘सिल्व्हर स्टील’. चांदीचे पोलाद! जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांवर हे शब्द खूप दिसतात. त्यांचा माग काढत गेलो तर तो मुंबईला आणि तिथून दख्खनला पोचला.

1794 साली मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे इथल्या पोलादाचे नमुने पाठवले. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणू लागले. हे पोलाद दक्षिणेत आणि दख्खनमध्ये मातीच्या बंद मुशीत तयार होई. लोखंडाच्या तुकड्यांबरोबर मुशीत झाडपाला घालत. दक्षिणेतल्या वर्णनांत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने आहेत, म्हणजे आपल्या माळावरचीच झाडे. तोंड मातीने लिंपून तासन्तास भट्टीत ठेवायचे आणि सावकाश निवू द्यायचे. नांदेडच्या सीमेपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या गावी हे काम चाले आणि इराणचे व्यापारी तिथे येऊन माल पारखून घेत. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ हा शब्दच आहे. ज्याला जग दमिश्कचे फौलाद म्हणते, त्याच्या नामांकित तलवारींमागे हा दक्षिणेकडचा कच्चा माल होता.

बँक्स यांच्याकडे आलेले नमुने लंडनच्या स्ट्रँडवरचा शस्त्रक्रियेची अवजारे बनवणारा जेम्स स्टोडार्ट याच्याही हाती आले. तो या पोलादाच्या इतका प्रेमात पडला की आपल्या दुकानाच्या कार्डावर त्याने छापले, हिंदुस्थानच्या या पोलादाचे वस्तरे मी करतो आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला ते अधिक पसंत आहे. पुढे 1819 च्या सुमारास त्याने एका तरुण शास्त्रज्ञाबरोबर या पोलादाचे गुपित शोधायला सुरुवात केली. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा. विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध व्हायच्या आधीची ही गोष्ट. दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे काय काय मिसळून पाहिले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, हे मिश्रण त्यांना चांगले वाटले. 1820 आणि 1822 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले आणि फॅरडेने अशा पोलादाचे वस्तरे मित्रांना भेटही दिले. शेफील्डच्या कारखानदारांनी ते नाव उचलले. चांदी असो-नसो, वस्तऱ्यावर ‘सिल्व्हर स्टील’ कोरणे ही फॅशनच झाली.

इथे एक थांबा. हे वाचून ‘सगळे आपल्याकडूनच गेले’ असा संदेश कोणी पुढे ढकलणार असेल, तर कृपया नको. स्टोडार्ट-फॅरडेंना वूट्झचे गुपित पुरते उलगडले नाही. हंट्समनने आपली रीत स्वतःच्या गरजेतून बसवली होती, आणि माझ्याकडे आज जो वस्तरा आहे त्यात दख्खनचा कणही नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. कोनासमुद्रमच्या भट्टीवाल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. इराण्याने माल नेला, दमिश्कला नाव मिळाले, लंडनला शोधनिबंध मिळाला. ज्यांच्या हातात हुन्नर, त्यांच्या हाती कागद नाही.

आता खरेदीकडे. माझा वस्तरा अखेर मिळाला तोही रद्दी-भंगाराच्या ढिगात, 400 रुपयांना. सोलिंगनचा, शिंगाची मूठ, वर तपकिरी गंज. तो मी का घेतला, ते सांगतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

रुंदी पाहिली. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. आपले सुतार-गवंडी त्याच भागाला ‘सूत’ म्हणतात, म्हणून मला सोपे गेले: पाच किंवा सहा सूत रुंदी नवशिक्याला बरी. त्याहून रुंद पाते अवजड वाटते, अरुंद पाते हातात वळवळते. टोक गोल असावे. चौकोनी टोक कानाच्या पाळीशी कधी टोचते ते कळतही नाही. मग धार वरून पाहायची. ती सरळ असावी, किंवा मंद हसल्यासारखी किंचित बाहेर आलेली चालते. मधोमध आत गेली असेल, तर सोडून द्या, कुणीतरी चुकीच्या दगडावर तिचे वाटोळे केलेले असते. पाठीचा भाग दोन्ही बाजूंना सारखाच झिजलेला हवा. काचेवर आडवे ठेवून पाहा, डुलले तर पाते वाकडे आहे. आणि तडा! केसाएवढा तडाही पात्याचा शेवट. चाचांची टिचकी त्यासाठीच होती. निरोगी पाते किणकिणते, तडा गेलेले ठक्क वाजते.

वरचा गंज घाबरण्यासारखा नाही, तो बारीक पॉलिश पेपरने जातो. पण अगदी धारेलगत गंजाचे काळे खड्डे असतील, तर धार लावताना ती तिथेच तुटत राहते. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर ती सडते आणि पात्यालाही गंजवते. हस्तिदंती असेल तर हात जोडा आणि पुढे चला, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. शिंग किंवा हाड उत्तम. आणि जुना वस्तरा दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावरून आलेला आहे हे विसरू नका. स्वच्छ घासून, जंतुनाशकात बुडवून, दगडावर नवी धार लावल्याशिवाय तो कातडीला लावायचा नाही. रक्तातून पसरणारी कावीळ ही थट्टा नाही.

हे सगळे जमले की कळते, 400 रुपयांत फक्त पोलाद मिळाले. धार मिळाली नाही. पथारीवर कितीही धारदार म्हणून विकलेला वस्तरा दाढी करण्याजोगा नसतो. धारेसाठी दगड लागतात, खरखरीत ते गुळगुळीत असे तीन-चार, आणि ते वस्तऱ्याहून महाग पडतात. म्हणून मी दगड विकत न घेता वस्तरा घेऊन पुन्हा चाचांकडे गेलो.

या वेळी त्यांनी टिचकी मारून मान हलवली. मग माळ्यावरून जुनी धोकटी काढायला लावली. आत त्यांच्या वडिलांचा दगड होता, मधोमध किंचित खोलगट झालेला. आधी त्यांनी दगडच सपाट करून घेतला, त्यात अर्धा तास गेला. मग पाते आडवे ठेवून, पाठ आणि धार दोन्ही दगडाला एकदम टेकवून, धार पुढे ठेवत ते सरकवू लागले. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड असते. तीच कोन ठरवते. हाताने कोन धरायचा नसतो, फक्त वजन द्यायचे नसते. नंतर चामड्याचा पट्टा. तिथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. एकदा जरी चुकून धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो आणि अर्ध्या दिवसाची मेहनत फुकट. मी पहिल्याच आठवड्यात त्यांचा पट्टा दोन ठिकाणी कापला. ते काही बोलले नाहीत. त्या दोन चिरा अजून तशाच आहेत.

हे शिकत असताना एक दिवस चाचांनी सहज विचारले, “मास्तर, आपके घर में किसी ने हज्जाम के घर बेटी दी है?” मी गप्प बसलो.

इस्लाममध्ये जातपात नाही, हे आपण व्यासपीठावरून म्हणतो. आपल्या हदीसग्रंथांत हज्जामाच्या कमाईला वाईट म्हणणारी रिवायत आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथांत हेही आहे की पैगंबरांनी (स.) अबू तैबा या गुलाम हज्जामाकडून हिजामा करून घेतला, त्याला मोबदला देवविला आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावरचा बोजा हलका करवला. इब्ने अब्बास यावरूनच म्हणत की ती कमाई हराम असती तर पैगंबरांनी दिलीच नसती. तरी पुढे हनफी फिकहच्या ग्रंथांत ‘कफाअत’, म्हणजे लग्नातली बरोबरी, या प्रकरणात पेशाची उतरंड आली आणि हज्जाम, विणकर खालच्या पायरीवर बसले. न्हाव्यांच्या जुन्या श्रेणी सलमान फारसी यांना आपला पीर मानत; आजही उत्तरेकडचे न्हावी स्वतःला ‘सलमानी’ म्हणवतात. नाव सहाबींचे घेतले, तरी सोयरीक मात्र जुळली नाही.

शेजारच्या समाजात काही वेगळे नव्हते. संत सेना न्हावी वारकऱ्यांत पूज्य, गावातला न्हावी बलुतेदार. पण त्याच वस्तऱ्याने एकदा नकारही दिला आहे. विधवा झालेल्या ब्राह्मण स्त्रियांचे केशवपन न्हाव्याच्याच हातून होई. 1890 साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. सुधारकांनी लेख लिहिले, भाषणे दिली. या लोकांनी पोटाचे काम नाकारले. ही गोष्ट मी चाचांना सांगितली तेव्हा ते पट्ट्यावर हात थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, “ये किताब में है?” आहे, म्हणालो. “बच्चों कू पढ़ाते?” अभ्यासक्रमात नाही, असे सांगावे लागले.

वस्तरा गेला कसा, ते थोडक्यात. अमेरिकेत किंग जिलेटने टाकाऊ पात्याचा रेझर बाजारात आणला तेव्हा 1903 या पहिल्या वर्षी 51 रेझर खपले. पुढच्याच वर्षी 90 हजारांहून जास्त. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तो सरकारी खर्चाने मिळाला आणि घरोघरी सवय गेली. आपल्याकडे सलूनमध्ये खरा वस्तरा त्यानंतरही कित्येक दशके टिकला. 1990 च्या दशकात एड्सविषयी जागृती सुरू झाली आणि गिऱ्हाईक नवे पाते मागू लागले. ते बरोबरच होते. आज दुकानात दिसतो तो मुठीत अर्धे ब्लेड बसवायचा सांगाडा. ब्लेड मोडायचे, वापरायचे, फेकायचे. चाचांच्या मुलाला दगडावर धार लावता येत नाही, कारण त्याला ती कधी लागलीच नाही.

तेव्हा नवशिक्याला माझा सल्ला: स्वस्त वस्तरा शोधण्याआधी आपल्या मोहल्ल्यात धार लावणारा जुना माणूस शोधा. तो असेल तर 400 रुपये पुरतात. त्याच्या कामाचे पैसे मात्र द्या. ‘एवढ्याशा कामाचे काय’ म्हणू नका.

पहिले खत मी रमजानच्या आधीच्या गुरुवारी बनवले. गरम पाण्याने गाल शेकला, साबणाचा फेस दोनदा लावला, डाव्या हाताने कातडी ताणली, पाते गालाशी साधारण 30 अंशांवर धरले आणि केसांच्या दिशेने फक्त दोन इंच खाली आलो. आवाज येतो, कोरड्या पानावरून नख फिरवल्यासारखा. डावीकडची रेघ सरळ आली. उजवीकडे, उलट्या हाताने, जबड्याच्या वळणावर कापले. तुरटी लावली.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजीनंतर चाचा भेटले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे.

“सीधे हाथ का अगले जुमेरात कू मैं करता,” ते म्हणाले. “आप देखते बैठो.”